पडद्यावर नांदेड

दिवाळीनंतर, मेंढरं बाहेर पडून गेल्यावर, माझ्या थोरल्या भावाने शिरड शहापूरच्या आमच्या घरातल्या दोन टेलिफोन लायनी नंबर दाखवणाऱ्या एका यंत्राला जोडल्या आणि ते यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी दुपारी, माझ्या थोरल्या चुलत्यांचा फोन आला. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या म्हणाले, मेंढरं घेऊन पुसदच्या पुढे आलो आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नांदेड आलं होतं.

आमचं घर रस्त्याला लागून होतं. पुढच्या खोलीत टेलिफोन, मधल्या खोलीत चूल, आणि मागे मेंढरांचं वाडगं. वाडगं वर्षातला बराच काळ रिकामं असे, पण वास जात नसे. फोन करायला आलेले लोक आत येताना नाकाला उपरणं लावायचे आणि बोलायला लागले की विसरायचे. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, एक पाय लहानपणापासून अधू होता. मेंढरांमागे चालणं त्यांना कधीच जमलं नाही. ते शाळा शिकले, आणि पुढे अपंगांच्या कोट्यातून त्यांना पीसीओ मिळाला. त्यांचे थोरले भाऊ तात्या चालत राहिले आणि अण्णा बसून राहिले, अशी दोघांची वाटणी होती. त्यावरून घरात कधी वाद झालेला मला आठवत नाही. मेंढरं दोघांची मिळून होती. तात्या परत आले की अण्णा काठी टेकत वाडग्यात जायचे आणि एकेका जनावराच्या पाठीवर हात ठेवून चौकशी करायचे. तेवढाच त्यांचा मेंढपाळपणा.

दिवाळीची पणती विझली की तात्या निघायचे. वारंगा फाट्याला त्यांच्या मेव्हण्याचे, म्हणजे आमच्या मोठाईच्या भावाचे, लोक त्यांना भेटायचे आणि तिथून सगळे मिळून उमरखेड, पुसदकडे सरकायचे. परत येणं मिरगाच्या तोंडावर. मोठाई म्हणजे तात्यांची बायको. दरवर्षी तीही सोबत जायची. घोंगड्या, भांडी, कोंबड्या घोड्यावर लादून. त्या वर्षी तिचे गुडघे चालेनात. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन गेली होती. मोठाई आयुष्यात पहिल्यांदा हिवाळाभर छपराखाली राहिली, आणि तिला ते सोसेना. ती रात्री अंगणात झोपायची. आई म्हणायची, बाई थंडी लागेल. मोठाई म्हणायची, आत आवाजच येत न्हाई, झोप कशी लागंल?

तिच्या मेंढ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मुलगी सासरी येताना माहेरहून एखादी मेंढी आणायची. ती मेंढी आणि तिची पुढची पैदास त्या बाईची. कळपात सगळी एकत्र चरली तरी कोणती कोणाची हे घरात लहानथोरांना माहीत असे. बाईने सांगितल्याशिवाय तिचं जनावर बाजारात जात नसे. कितीही अडचण आली तरी नाही. मोठाईच्या माहेरच्या मेंढीच्या वंशातली आता एकच उरली होती, काळ्या तोंडाची, अंगाने पांढरी. तिला काळतोंडी म्हणत. निघताना ती गाभण होती. मोठाईने तिला वाडग्याच्या दारात धरून ठेवलं होतं, तिच्या कानामागे खाजवलं होतं आणि मग हात काढून घेतला होता. तात्यांना ती म्हणाली होती, व्याली की कळवा. बाकीच्यांचं न्हाई कळवलं तरी चालंल.

यंत्र कशासाठी आणलं ते थोडक्यात सांगते. तेव्हा गावात फोन मोजके होते. पुण्याला, मुंबईला, सुरतेला कामाला गेलेली माणसं आमच्याकडे फोन करून सांगत, अमक्याला बोलावून आणा, मी जरा वेळाने परत करतो. आम्ही बोलावून आणायचो. माणूस येऊन बाकावर बसायचा. मग कधी फोन यायचा, कधी यायचाच नाही. लाईन मध्येच तुटली तर कुठून फोन होता, कोणाचा होता, काहीच कळत नसे. बाकावर बसलेली म्हातारी माणसं संध्याकाळपर्यंत बसून राहायची. अण्णांना ते बघवत नसे. माझा भाऊ भास्कर, ज्याला मी दादा म्हणते, हिंगोलीला कॉम्प्युटरचा क्लास करून आला होता आणि त्याने एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. नांदेडच्या एका दुकानात त्याला हे यंत्र मिळालं. हातात मावेल एवढी राखाडी डबी, समोर छोटी काच, मागे दोन लायनींसाठी खाचा आणि कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या केबलसाठी एक जागा. नंबर पाठवण्याची सोय टेलिफोन ऑफिसकडून अर्ज करून सुरू करून घ्यावी लागली. ते काम अण्णांनी केलं.

जोडणीला दादाला एक पूर्ण दिवस लागला. भिंतीवरच्या डब्यातून येणारी वायर आधी यंत्रात आणि यंत्रातून टेलिफोनमध्ये, असं दोन्ही लायनींचं करायचं होतं. आईने त्याला जेवायला तीनदा हाक मारली. शेवटी तिने भाकरी, जवसाची चटणी आणि तुरीच्या शेंगांची आमटी तिथेच नेऊन दिली आणि तो एका हाताने खात दुसऱ्या हाताने वायर सोलत राहिला. त्याने पहिली लाईन दुसरीच्या खाचेत घातली आणि दुसरी पहिलीच्या. पुढे कितीतरी दिवस पडद्यावर घरची लाईन असं आलं की आम्ही पीसीओची उचलायचो. त्याने ते बदललं नाही. म्हणाला, आता सवय झाली सगळ्यांना. कॉम्प्युटरवर त्याने स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. डिरेक्टरीच्या पुढच्या पानांवरून त्याने गावोगावचे कोड एकेक करून टाइप केले. आलेल्या नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून पडद्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव उमटायचं.

अडचण वेगळीच निघाली. नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे येतो. पहिल्याच घंटीला रिसीव्हर उचलला तर यंत्राला काही मिळत नाही. आणि आमच्या घरात फोन पहिल्या घंटीला उचलायची रीत होती. कोणीतरी लांबून पैसे खर्च करून बोलतंय, त्याला ताटकळत ठेवायचं नाही, असं अण्णांचं म्हणणं. त्यांचा हात घंटीच्याही आधी पोचायचा. पहिले काही दिवस यंत्राने एकही नंबर दाखवला नाही. दादाने केबल बदलली, प्रोग्राम पुन्हा लिहिला, दुकानदाराला फोन करून भांडला. मग दुकानदारानेच विचारलं, उचलता कधी? त्या दिवसापासून घंटी वाजली की दादा धावत येऊन रिसीव्हरवर हात ठेवायचा. अण्णा त्याच्या हातावर हात ठेवून थांबायचे. दुसरी घंटी वाजायची, पडद्यावर नाव उमटायचं, दादा ते मोठ्याने ओरडायचा आणि हात काढायचा.

ते ओरडणं ही गावाची करमणूक झाली. परभणी! औरंगाबाद! सुरत! एसटीच्या कंडक्टरसारखं. बाकावर बसलेले लोक हसायचे. एकदा एक म्हातारा म्हणाला, तिकीट फाड बाबा, मी बी येतो. आज माझ्या भाच्यांना हे सांगितलं तर त्यांना हसू येतं, पण कशाला ते वेगळं. त्यांच्या हातातला फोन आई कोणत्या चौकात उभी आहे ते नकाशावर दाखवतो आणि ते त्याकडे बघतही नाहीत.

तात्यांचा फोन जवळा बाजार या शेजारच्या गावच्या बाजारादिवशी यायचा. त्या दिवशी मोठाई शेतात जात नसे. ती दुपारी नवं लुगडं नेसून बाकाच्या टोकाला बसायची, जणू पाहुणे येणार आहेत. त्या दिवशीही बसली होती. घंटी वाजली, दादाने हात ठेवला, दुसरी वाजली, आणि तो ओरडला, नांदेड. कोणाचं लक्ष नव्हतं. नांदेडचे फोन रोजचेच. बियाणांचे व्यापारी तिथूनच करायचे. अण्णांनी उचलला आणि रिसीव्हर मोठाईकडे दिला. तात्या होते.

तिने विचारलं कुठे आहात. तात्यांचा आवाज एवढा मोठा यायचा की बाकावरच्यांना ऐकू जाई. ते म्हणाले पुसदच्या पुढे आलो, गवत बरं आहे, मेंढरं ठीक आहेत. दादा पडद्याकडे बघत होता. मोठाई पडद्याकडे बघत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. पण तिने ओरडलेलं ऐकलं होतं. ती नेहमीसारखंच बोलली. काळतोंडीचं विचारलं. अजून व्याली नाही, आज-उद्या व्यायला झाली आहे, असं उत्तर आलं. तिने रिसीव्हर ठेवला, पदर नीट केला आणि दादाला विचारलं, “भास्करा, तुझं मशीन चुकतं का रे?”

दादा म्हणाला, चुकतं कधीकधी.

ती गेल्यावर अण्णांनी दादाला दार लावायला सांगितलं. मशीन चुकतं की नाही, हे नक्की कळल्याशिवाय कोणी काही बोलायचं नाही, असं ते म्हणाले. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर हेच वाक्य मी वेगवेगळ्या संपादकांकडून ऐकलं. दादाने डिरेक्टरी काढून नांदेडचा कोड बघितला, मग पुसदचा. दोन्ही बरोबर टाइप झाले होते. त्याने सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, नांदेड दिसलं. आईच्या मावशीचा मुलगा पुसदला बँकेत होता. अण्णांनी त्याला काही कारण न सांगता फोन करायला लावलं. पुसद दिसलं. त्यानंतर दादाने डिरेक्टरी फळीवर ठेवली आणि त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. आई चुलीपाशी एवढंच म्हणाली की बाईमाणसाला काय काय वाटत असेल. मला तेव्हा कळलं नाही, पण गावात असा फोन एकाच अर्थाने घेतला गेला असता. कळप माळावर सोडून शहरात राहणाऱ्या माणसाचं तिथे दुसरं घर, दुसरी बाई असते, असं लोक म्हणत.

मोठाई त्या आठवड्यात जेवत होती, दळत होती, अंगणात झोपत होती. तिने एकदाच मला विचारलं की नांदेड किती लांब. मी म्हटलं, वसमतवरून एसटी जाते. ती म्हणाली, ते मला ठावं हाय, मी लांब किती ते इचारलं.

पुढच्या बाजारादिवशी घंटी वाजली तेव्हा दादाने हात ठेवला, दुसरी घंटी वाजली, आणि तो काहीच बोलला नाही.

मोठाई म्हणाली, “आज काहून मुका झाला? गाव सांग की.”

“नांदेड,” दादा म्हणाला. हळू.

तिने रिसीव्हर घेतला. बाकावर दोनतीन माणसं होती. तिने तात्यांना विचारलं की गवत कसं आहे, पाणी आहे का, तिच्या भावाची तब्येत कशी आहे. तात्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. गवत बेस, पाणी एका तळ्याचं, भाऊ ठणठणीत. मग काळतोंडी. व्याली, तात्या म्हणाले, दोन झाली, एक काळं, एक पांढरं. “बराबर,” मोठाई म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. लोक गेल्यावर तिने दादाला सांगितलं, आत्ता ज्या नंबरावरून आला त्याच नंबराला लाव. दादाने अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, लाव.

पलीकडे कोणी पीसीओवाला होता. तो हिंदीत बोलत होता. दादाने तात्यांचं वर्णन केलं: उंच, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. तो म्हणाला, हां, वो बाबा, सामने बिल्डिंग बन रही है, उधर वॉचमन हैं। दादाने विचारलं, अकेले रहते हैं? त्याने सांगितलं, हाँ, बिल्डिंग पे ही सोते हैं। दादाने हे सगळं मोठाईला मराठीत सांगितलं. तिला ते बाहेर ऐकू आलं होतं आणि हिंदीतच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती निघाली. मला सोबत दिलं, कारण पाट्या वाचायला कोणी हवं होतं आणि दादाला पाठवायला अण्णा तयार नव्हते. आईने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा फडक्यात बांधून दिल्या. वसमतच्या पुढे शेतं संपून दुकानं सुरू झाली तेव्हा मोठाई खिडकीतून बघत म्हणाली, इतक्या माणसांत ह्यांना झोप कशी लागत असंल?

इमारत शोधायला वेळ लागला नाही. पीसीओ कोपऱ्यावर होता आणि समोर सिमेंटचे खांब उभे होते, वरून लोखंडी सळया बाहेर आलेल्या. वाळूच्या ढिगाशेजारी विटांचा आडोसा करून त्यावर पत्रा टाकलेला होता. तात्या त्याच्यासमोर बसून सुतळी वळत होते. त्यांच्या अंगात खाकी शर्ट होता. मी त्यांना शर्टात कधी बघितलं नव्हतं. त्यांनी आम्हाला बघितलं आणि उठले नाहीत. मोठाई समोर जाऊन उभी राहिली. गुडघे दुखत असतानाही बसली नाही.

“कुणी सांगितलं?” तात्यांनी विचारलं.

“भास्कराच्या मशीननं.”

“तुझ्या भावानं न्हाई ना?”

“न्हाई.”

“त्याला मीच शपथ घातली हुती.”

“मेंढरं कुठं हायत?”

मेंढरं नव्हती. तात्यांनी ते कमी शब्दांत सांगितलं. उमरखेडच्या पुढे गेल्यावर जनावरांच्या तोंडाला फोड आले, मग हगवण लागली. डॉक्टर आला तोपर्यंत निम्म्याच्या वर गेली होती. उरलेली टिकतील की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी ती आहेत तशी बाजारात काढली. मेव्हण्याने घरी जा म्हणून सांगितलं. तात्या घरी आले नाहीत. मिरगाआधी, मेंढरांवाचून, हातात नुसती काठी घेऊन गावात शिरायचं त्यांच्याने झालं नाही. मेव्हण्याच्या ओळखीने ते या कामावर लागले. आठवड्याला फोन करून गवत, पाणी सांगायचं, आणि मिरगापर्यंत काहीतरी सुचेल, असा त्यांचा विचार होता. काय सुचणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मोठाईने सगळं ऐकून घेतलं. रस्त्यावरून ऑटो जात होते. वरच्या मजल्यावर कोणीतरी लोखंड तोडत होतं.

“म्हंजी काळतोंडी बी गेली,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

तात्या उठले. पत्र्याच्या मागे गेले. तिथे दोन खांबांच्या मधे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टांगून आडोसा केला होता. त्यांनी गोणी बाजूला केली. आत काळतोंडी बसली होती, पुढ्यात हरभऱ्याचा पाला. तिच्या पोटाशी दोन कोकरं होती, एक काळं, एक पांढरं.

मोठाई खाली बसली. तिने आधी मेंढीचे कान बघितले, मग तोंड उघडून हिरड्या बघितल्या, मग कास चाचपली. एकेक कोकरू उचलून उलटं करून बघितलं. दोन्ही माद्या होत्या.

“दोन झाली म्हणलात,” ती म्हणाली.

“दोनच हायत की.”

“हे खरं निघालं मंग.” तिने पांढरं कोकरू मांडीवर घेतलं. “बाकीचं तरी धड खोटं बोलायचं. पुसदच्या म्होरं म्हणं.”

तात्या म्हणाले, “बाकीची माझी न् अण्णाची हुती, इकली. ही तुझ्या माहेराची. तुला इचारल्याबिगर कशी इकू?”

“हिला का न्हाई झालं?”

“झालं हुतं. हिला म्या बाजूला बांधून हातानं पाजलं. पाण्यात गूळ कालवून. पायीच आणली इथवर, रस्त्यानं.”

मोठाईने फडकं सोडलं. आम्ही तिघं वाळूच्या ढिगाशेजारी बसून जेवलो. ठेचा तिखट होता, तात्यांनी तो दोनदा मागून घेतला. शर्टाची बाही वर करताना त्यांनी ती इतक्या अवघडलेपणाने केली की मोठाईने हात पुढे करून ती नीट दुमडून दिली. जेवण झाल्यावर तिने विचारलं, चूल कुठं करता? तात्यांनी तीन विटा दाखवल्या. त्या काळ्या झालेल्या होत्या. तिने त्या उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला मांडल्या.

मी म्हटलं, मोठाई, चारची एसटी आहे. ती म्हणाली, तू जा, पोरी. तुला पाट्या वाचता येतात. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली की घरी सांग, आंगणातलं अंथरूण आत घे, दव पडतं. तात्या मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी अण्णांच्या पायाची चौकशी केली आणि मशीन नंबर कसा ओळखतं ते विचारलं. मी त्यांना दोन घंट्यांच्या मधलं सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं.

घरी पोचल्यावर मी अण्णांना जे बघितलं ते क्रमाने सांगितलं. मेंढरं गेली हे त्यांनी ऐकलं आणि काठी घेऊन वाडग्यात गेले. बऱ्याच वेळाने परत आले. आईला म्हणाले, वहिनीचं लुगडं आणि घोंगडी बांधून ठेव, भास्कर उद्या देऊन येईल, आणि पेंड घेऊन जाईल. गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं आईने विचारलं. जे आहे ते सांगायचं, अण्णा म्हणाले, पण कोणी विचारलं तरच. विचारायला बरेच लोक आले. अण्णांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

तात्या आणि मोठाई इमारतीला रंग लागेपर्यंत नांदेडला राहिले. मिरगाच्या आधी ते एका मालाच्या टेम्पोतून गावी आले. दुपारची वेळ होती, रस्त्यावर माणसं होती. सोबत काळतोंडी, तिची दोन कोकरं आणि तीन विटा होत्या.